मृगाला पाइनचे कोंब कापू नका

‘मृगाचा पाऊस पडला की पाइनच्या बोन्सायचे सगळे नवे कोंब बुडापासून छाटा, सुया बारीक येतात,’ असा मेसेज सध्या रत्नागिरी-मालवणकडे फिरतोय. अर्धं खरं आहे, म्हणूनच घोटाळा.

जपानी ब्लॅक पाइनचे वसंतातले कोंब, म्हणजे मेणबत्तीसारखे उभे राहणारे कॅन्डल, जपानात जून-जुलैत कापतात, हे खरं. कापल्या जागी बुडाशी नवे डोळे फुटतात. थंडीपर्यंत दिवस थोडेच उरलेले असतात, म्हणून दुसऱ्या फुटीच्या सुया आखूड राहतात. पण हे फक्त धट्ट्याकट्ट्या, खत खाल्लेल्या झाडावर. यंदाच कुंडी बदलली असेल किंवा झाड मरगळलेलं असेल, तर कात्री लांब ठेवा. व्हाइट पाइनला तर हा प्रयोग नकोच. तो वर्षातून एकदाच फुटतो.

आता आपल्याकडचं. जून-जुलैत आभाळ गच्च, उन्हाचा पत्ता नाही, कुंडीतली माती ओली ती ओलीच. नव्या फुटीला ऊन हवं असतं. त्यात आपल्याकडे कडाक्याची थंडीही नाही, मग जपानचं कॅलेंडर इथे कसं लागू होणार? मी तरी पावसाच्या तोंडावर कापत नाही.

आणि हो, किनाऱ्यावरचा सुरू म्हणजे पाइन नव्हे. त्याची ‘सुई’ दोन्ही टोकांना धरून ओढा, सांध्यात सुटते. ती बारीक फांदी आहे. खरी पानं म्हणजे सांध्यावरचे ते इवलेसे खवले. त्याला कॅन्डल येतच नाहीत.