‘पुण्यात बसून समुद्र शिकवू नका’ : खलाशीदादांना उत्तर

खलाशीदादा, नमस्कार.

समुद्री मासे ठेवायच्या नव्या खाऱ्या टँकच्या पहिल्या सहा आठवड्यांवर मी लिहिले होते, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली. दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वहीत दोन गोष्टी लिहून घेतल्या. उत्तर मोठे होणार आहे, म्हणून वेगळे टाकते.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश. लाइव्ह रॉक (समुद्रातला, बहुधा मेलेल्या प्रवाळांचा खडक, ज्यात जिवाणू आणि छोटे जीव राहतात) घातलेल्या टँकमध्ये वर आणखी कोळंबी कुजवायला सांगणे हा अडाणीपणा आहे. सहा आठवड्यांची भीती घालून मी नव्या लोकांना पळवून लावते. दादांच्या भाच्याचा टँक आठव्या दिवशी सायकल झाला, अमोनिया शून्य. (सायकल म्हणजे घाणीतून होणारा विषारी अमोनिया जिवाणूंनी आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून टाकायची साखळी बसणे.) टेस्ट किटवर पैसे घालवण्यापेक्षा दोन डॅमसेल (छोटे, चिवट समुद्री मासे) सोडावेत, जगले की टँक तयार. खडक विकत कशाला घ्यायचा, ओहोटीला जाऊन उचलून आणावा. आणि शेवटचा टोला: पुण्यात बसून समुद्र शिकवू नका.

आधी कोळंबी. इथे तुमचे शंभर टक्के बरोबर आहे आणि माझे चुकले. कोळंबीचा तुकडा कुजवून अमोनिया तयार करायची युक्ती कोरड्या, निर्जीव खडकाच्या टँकसाठी असते, कारण तिथे जिवाणूंना खायला दुसरे काही नसते. लाइव्ह रॉक स्वतःच स्वतःची कोळंबी घेऊन येतो. त्याच्या भोकांत स्पंज असतात, किडे असतात, शेवाळ असते, त्यातले निम्मे प्रवासात मेलेले असते. त्यावर आणखी कोळंबी टाकणे म्हणजे जे अजून तग धरून आहे त्यालाही मारणे. आणि हे मी करून बसलेली आहे, म्हणून तर लेखात ते लिहिले जायलाच नको होते.

माझा पहिला टँक. एका दुकानातून अकरा किलो लाइव्ह रॉक मागवला होता. (तो कुठून आला हे तेव्हा विचारले नाही. त्याबद्दल पुढे बोलते.) थर्मोकोलच्या पेटीत, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आला. झाकण उघडले आणि सासूबाईंनी स्वयंपाकघरात जाऊन गॅसचे बटण तपासले, इतका वास. सडक्या अंड्यांचा. कागद सोलला तर खाली नारिंगी स्पंज होता, त्याचा करडा बुळबुळीत लगदा झालेला. हा खडक बादलीत घेऊन, खाऱ्या पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून, मेलेले सगळे काढून, वेगळ्या पिंपात अंधारात पाणी बदलत-बदलत ‘क्युअर’ करायचा असतो. मी वरवर हलवून धुतला, थेट टँकमध्ये रचला आणि पुस्तकात होते म्हणून वर एक कोळंबीही टाकली. तिसऱ्या दिवशी टेस्टच्या नळीतले पाणी रंगांच्या कार्डावरच्या शेवटच्या हिरव्याहून गडद झाले. म्हणजे किती, हे सांगायला कार्डच उरले नव्हते. खडकावर छान जांभळा थर होता, कोरलाइन शेवाळाचा. पंधरा दिवसांत तो चुन्यासारखा पांढरा पडला. एक्केचाळिसाव्या दिवशी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही खाली आले. लाइव्ह रॉकचे पैसे मोजून मी घरच्या घरी मेलेला दगड तयार केला होता.

तेव्हा लेखातला कोळंबीचा परिच्छेद काढला आहे.

आता तुमच्या भाच्याचे आठ दिवस. मी तुम्हाला खोटे म्हणत नाही, कारण माझ्याकडेही तसेच घडले आहे. दुसऱ्या टँकच्या वेळी ठाण्यातल्या एका ओळखीच्यांचा चार वर्षांचा टँक बंद होत होता. त्यांचा खडक त्यांच्याच टँकच्या पाण्यात, झाकणाच्या बादल्यांत बुडवून, गाडीच्या डिकीत बॅटरीवरचा एअर पंप चालू ठेवून पुण्याला आणला. एक्सप्रेसवेवर घाटात अडकूनही दारापासून दारापर्यंत चार तासांच्या आत. दुसऱ्या दिवशी अमोनिया पाव पीपीएम (लिटरमागे पाव मिलिग्रॅम), चौथ्या दिवशी शून्य. संपले सायकल. खरे तर सायकल झालेच नाही; ते आधीच झालेले होते, आम्ही फक्त त्याचा पत्ता बदलला.

तुम्ही या सगळ्याला ‘परदेशी फॅड’ म्हणालात म्हणून एक आठवण करून देते. फिल्टरऐवजी जिवंत खडकावर टँक चालवायची पद्धत जगाला सांगणारा माणूस युरोप-अमेरिकेतला नव्हे, जकार्ताचा होता, ली चिन एंग. त्यांनी १९६१ साली ती लिहून प्रसिद्ध केली. खडक, समुद्राचे पाणी आणि हवेचे बुडबुडे, बस. पुढे बर्लिनच्या लोकांनी त्याला स्किमर (फेसातून घाण काढणारे यंत्र) जोडला आणि ती ‘बर्लिन पद्धत’ झाली. पण एंग यांचे इतके साधे का जमले? समुद्र त्यांच्या दाराशी होता. खडक पाण्याबाहेर किती वेळ राहिला, हा सगळा प्रश्न आहे. काही तास ओला राहून आला तर तुमचे आठ दिवस खरे. पेटीत दोन दिवस उकडून आला तर माझे एक्केचाळीस खरे. लेख वाचणाऱ्याच्या हातात यातला कोणता खडक पडणार हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही.

मग कळायचे कसे? तुम्ही लिहिता, ‘आठव्या दिवशी टेस्ट केली, अमोनिया शून्य, अजून काय पाहिजे?’ दादा, शून्य कशाचे? ज्या टँकमध्ये अमोनिया कधी झालाच नाही तिथेही टेस्ट शून्यच दाखवणार. नळाच्या स्वच्छ पाण्याचीही टेस्ट करा, शून्य येईल. त्यात मासा जगेल का? शून्य दोन तऱ्हेचे असते. एक, काही आलेच नाही म्हणून. दुसरे, आले होते आणि कोणीतरी खाऊन टाकले म्हणून. आपल्याला दुसरे हवे आहे आणि ते फक्त वाढून बघितल्यावरच कळते.

वाढायचे काय, तर नवसागर. तोच, कल्हईवाला भांडे तापवून त्यावर भुरभुरायचा तो, अमोनियम क्लोराइड. फक्त कल्हईचा बाजारी नवसागर नको, त्यात काय मिसळलेले असेल सांगता येत नाही. रसायनांच्या दुकानात प्रयोगशाळेच्या दर्जाची छोटी बाटली मिळते आणि ती जन्मभर पुरते. शंभर लिटर पाण्यात दोन पीपीएम अमोनिया करायला साधारण ०.६ ग्रॅम लागतो. एवढेसे घरच्या काट्यावर मोजता येत नाही, म्हणून ६ ग्रॅम एक लिटर आरओ पाण्यात विरघळवून ठेवायचा आणि शंभर लिटरला त्यातले १०० मिली ओतायचे. शंभर लिटर म्हणजे आतले पाणी, काचेच्या लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार नव्हे. खडक आणि वाळू जागा खातात. चोवीस तासांनी टेस्ट करायची. अमोनिया शून्यावर आला तर तुमचा भाचा जिंकला, मी जाहीर माफी मागेन. दीडवर अडकला तर थांबायचे. टेस्टची नळी दिवसाउजेडी गॅलरीत धरून बघा. पिवळ्या दिव्याखाली पिवळा आणि फिका हिरवा यात फरकच दिसत नाही. मी एकदा असेच रात्री बघून स्वतःची फसवणूक करून घेतली आहे. मात्र ही परीक्षा खडक क्युअर झाल्यावर, त्याचा वास थांबल्यावरच. ताज्या आणलेल्या, अजून कुजणाऱ्या खडकावर नवसागर ओतलात तर ती माझीच कोळंबी झाली, फक्त पांढऱ्या पुडीतली.

डॅमसेलबद्दल मात्र मी एक पाऊलही मागे घेणार नाही. ते जगतात हे खरे, चिवट जात आहे, आणि एके काळी दुकानदारही हाच सल्ला द्यायचे. पण गोड्या पाण्यात गप्पी जगली म्हणून खाऱ्यात डॅमसेल जगेल हा हिशेबच चुकीचा आहे. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो आणि त्यातले एकच जहाल. पाण्याचा पीएच सातच्या आसपास असेल तर जहाल रूप जेमतेम अर्धा टक्का असते. समुद्राच्या पाण्यात पीएच ८.२ ला तेच पाच-सात टक्क्यांवर जाते. म्हणजे कार्डावर तोच हिरवा, पण माशाच्या कल्ल्यांना दहापट चटका. शिवाय कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू गोड्यापेक्षा कमी विरघळतो, त्यामुळे भाजलेल्या कल्ल्यांनी तो कमी प्राणवायू ओढायचा. मासा वर येऊन तोंड उघडमीट करतो, त्याला आपण ‘खेळतोय’ म्हणतो.

आणि जगला तर? तर तो डॅमसेल टँकचा मालक होतो. पुढे सोडलेल्या प्रत्येक माशाला हुसकावतो, आणि त्याला पकडायचे तर रचलेला सगळा खडक उपसायला लागतो. मी उपसला आहे. दोन तास, गुडघ्यापर्यंत टॉवेल, आणि निळा डॅमसेल शेवटी सापडला तो फरशीवर ठेवलेल्या खडकाच्या भोकात. जिवंत!

आता ओहोटीचा खडक. हे वाचून कोणी खरोखर पिशवी घेऊन निघायला नको, म्हणून सरळ लिहिते. कठीण प्रवाळांच्या सगळ्या जाती २००१ पासून आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच अनुसूचीत. प्रवाळ मेलेला, सुकलेला, ‘शोपीस’ म्हणून विकायला ठेवलेला असला तरी सुटका नाही. मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. माझ्या पहिल्या पेटीतला खडक कुठल्या समुद्रातून उचलला होता, त्याला कागदपत्रे होती का, हे मी तेव्हा विचारले नाही, याची आज लाज वाटते. मूळ लेखात ‘लाइव्ह रॉक घ्या’ असे बिनधास्त लिहून मी हीच चूक वाचकांवर ढकलली होती. तुमच्यामुळे लक्षात आले, जरी तुम्ही उलट टोकाने बोलत होतात.

बरे, कायदा बाजूला ठेवला तरी तो दगड कामाचा नाही. रायगड-रत्नागिरीकडचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. जड, घट्ट, आत फारशी भोके नाहीत. जिवाणूंना राहायला फक्त बाहेरची भिंत. जांभा चालेल का, असे मला दर महिन्याला कोणीतरी विचारते. जांभ्याला भोके भरपूर, पण तो लोहाने भरलेला. मी माझ्या टँकमध्ये घालणार नाही. आणि मुंबईच्या किनाऱ्यालगतचे ‘फुकटचे’ पाणी कशाकशाने समृद्ध असते ते मुंबईकरांनीच सांगावे.

मग नव्याने काय वापरावे? कारखान्यात बनवलेला सच्छिद्र सिरॅमिक खडक, आणि विरजण म्हणून कोणाच्या तरी जुन्या, निरोगी टँकमधला एखादा तुकडा किंवा मूठभर वाळू. दही लावतो तसेच. विरजण चांगले असेल तर दोन-तीन आठवडे, नसेल तर माझे बदनाम सहा. मधे एकदा सगळ्यावर तपकिरी डायटमचा (एकपेशीय शेवाळाचा) थर चढतो, तेव्हा घाबरून टँक धुऊ नका.

एक चूक तुम्ही पकडली नाहीत, ती मीच सांगते. नायट्राइट हा अमोनियाइतकाच घातक, असे मी लिहिले होते. ते गोड्या पाण्याचे सत्य. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतके असते की कल्ल्यांच्या दारात नायट्राइटला रांगेत मागे उभे राहावे लागते, त्यामुळे खाऱ्या माशांना त्याचा त्रास फारच कमी. तो मोजायचा तो साखळी कुठवर आली हे कळायला. तो चढलेला असताना नायट्रेटची टेस्ट मात्र करू नका; आकडा खोटाच फुगलेला येतो आणि माणूस उगाच पाणी बदलत बसतो.

राहिला पुण्याचा टोला. मान्य, मुठेला भरती येत नाही. पण अमोनिया खाणारा आर्किया गटातला (जिवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळे सूक्ष्मजीव) पहिला सूक्ष्मजीव शास्त्रज्ञांनी २००५ साली वेगळा करून वाढवला, तो सिॲटलच्या मत्स्यालयातल्या टँकमधून घेतलेला होता. काचेच्या पेटीतही शिकण्यासारखे काही असते म्हणायचे. आणि समुद्राकाठी बसून जे कळत नाही ते आम्हाला दर गुरुवारी कळते. सकाळी नऊला लाइट जाते, पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप) थांबतो आणि पाणी निपचित होते. खडकातले जिवाणू प्राणवायूवर जगतात; पाणी हलले नाही तर काही तासांत आतले गुदमरायला लागतात. म्हणून माझ्या टँकमागे बॅटरीवरचा एअर पंप कायम टांगलेला असतो, आणि नव्या माणसाला मी स्किमरच्या आधी तो घ्यायला सांगते. हे लेखात लिहायचे राहिले होते, आज घातले.

भाच्याला एवढे विचाराल का, खडक आला तेव्हा ओला होता की नुसता दमट, आणि वास होता का? आणि नवसागर लागला तर पत्ता कळवा, माझ्या बाटलीतला सहा ग्रॅम पुडी बांधून पाठवते.