हेरिटेज ऑफिसात खिळाही ठोकता येत नाही? खुलासा

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय की मुंबईत बिल्डिंग हेरिटेज यादीत गेली की आत एसी नाही, लिफ्ट नाही, साधा खिळासुद्धा ठोकायचा नाही, म्हणून जुनी ऑफिसं पाडलेलीच बरी. अहो, असं काही नाहीये.

मुंबईची हेरिटेज नियमावली १९९५ ची, त्यात इमारतीच्या महत्त्वानुसार ग्रेड आहेत. ग्रेड १ ला खरंच कडक, आतबाहेर हात लावायचा तर इमारत मजबूत करायला किंवा तिचं आयुष्य वाढवायला गरजेचं असेल तेवढंच. पण २ए ला आतले बदल, नवा वापर होऊ शकतो, फक्त हेरिटेज कमिटीच्या सल्ल्याने पालिकेची मंजुरी घ्यायची, आणि ३ ला तर अजून सैल.

आणि ग्रेड १ म्हणजे कुलूप लावून ठेवलेलं म्युझियम असंही नाही, सीएसएमटीच बघा ना, १८८८ ची इमारत, २००४ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि मध्य रेल्वेचं मुख्यालय आजही तिथेच.

खरी वाट लागते ती वेगळ्याच गोष्टीने. चुन्यातल्या जुन्या भिंतीवर कोणीतरी सिमेंटचं प्लास्टर थापतो, मग आतली ओल बाहेर पडायला जागाच राहत नाही, पोपडे धरतात, दगड झिजायला लागतो आणि दोष मात्र इमारतीच्या वयाला. तिथे चुन्याचाच गिलावा लागतो, वेळखाऊ आहे पण तोच टिकतो. वायरिंग, एसीचे पाईपपण दगड न फोडता, नंतर काढता येतील असे नेता येतात. कंत्राटदाराला कंटाळा येतो, हा भाग वेगळा 😄