गच्चीवर पिकवलेली महागाई

जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला आणि आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या जागी भाजीचे भाव यायला लागले. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पोळ्यांच्या ऑर्डरी घेऊन घर चालवतात, त्यांनी आमटीत टोमॅटो बंद करून आमसूल सुरू केलं, हे कळल्यावर सेक्रेटरी काकांना एकदम समाजसेवेचा झटका आला. "गच्ची रिकामी पडलीये, आपल्यापुरतं आपण पिकवू, कुणाला भाजी विकत घ्यायची वेळ येता कामा नये!" मी नेमका समोर उभा होतो म्हणून मी गार्डन इन्चार्ज.

मग वर्गणी. रंगाचे डबे, फुटक्या बादल्या फुकट मिळाल्या, पण माती, कोकोपीट, शेणखत सगळं विकत, शेण ऑनलाइन पॅकेटमधून येतं आणि त्याला रिव्ह्यू असतात हे मला तेव्हा कळलं. टॉप फ्लोअरवाल्यांचं पहिल्या दिवसापासून एकच, आमच्या बेडरूममध्ये लीकेज आहे, आणि ते आधीपासूनच होतं पण आता त्याला कारण मिळालं.

कोथिंबिरीसाठी धने आख्खे पेरून चालत नाहीत, रगडून दोन फाकी कराव्या लागतात, आणि आमच्या गावाकडे हे काम चपलेने होतं. मी गच्चीवर धने पसरून चप्पल फिरवतोय आणि मागून ए विंगच्या आजींचा आवाज, "अरे ए! अन्नाला चप्पल?" त्यावर वीस मिनिटं चर्चा होऊन लाटणं आलं, ते माझ्या बायकोचं होतं, पुढचं सांगत नाही.

दुधीची वेगळीच तऱ्हा. त्याची फुलं उमलतात संध्याकाळी आणि गच्चीत मधमाश्या फिरकत नाहीत, मग नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला आपणच लावायचं. मादीच्या फुलाखाली बारीक दुधी असतो, त्यावरून ओळखायचं, आणि अंधारात ते दिसत नाही म्हणून मोबाइलचा टॉर्च. समोरच्या बिल्डिंगमधून वॉचमनला फोन गेला की तुमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी एक माणूस टॉर्च घेऊन काहीतरी करतो. वॉचमन वर आला, मी समजावून सांगितलं, आणि त्याने ते खाली जाऊन सगळ्यांना त्याच्या पद्धतीने समजावून सांगितलं.

एवढं करून दुधी इतका लागला की लोक लिफ्टमध्ये मला बघून जिन्याने जायला लागले. महागला टोमॅटो आणि पिकला दुधी, ज्याच्या वाढलेल्या भावाबद्दल आजवर एकाही माणसाने ग्रुपवर रडगाणं गायलेलं नाही.

टोमॅटोला पावसात करपा आला, उरलेल्या झाडांवर पांढरी माशी, आजींच्या सल्ल्याने आंबट ताक मारलं, कुणाच्या सल्ल्याने निंबोळी अर्क, दोघांचे सल्ले एकाच दिवशी पाळले की गच्चीला जो वास येतो तो आलाच. गणपतीच्या सुमारास एकदाचे टोमॅटो लाल झाले, सगळे मिळून अकरा, आणि फ्लॅट चोवीस. आणि नेमके त्याच सुमारास भाव असे कोसळले की नाशिककडे शेतकरी रस्त्यावर टोमॅटो ओतत होते, होलसेलला किलोला पाच रुपयेसुद्धा सुटत नव्हते. ट्रेझररने खर्च भागिले अकरा करून आकडा ग्रुपवर टाकला, आणि अ‍ॅडमिनने लगेच डिलीट केला.

माझं स्पष्ट मत आहे, महागाईवर गच्ची करायची तर टोमॅटोच्या नादी लागूच नये. कढीपत्ता, गवती चहा, ओवा, अळू लावावं. भाजीवाला हल्ली फुकट कढीपत्ता मागितला की असा बघतो जणू त्याची किडनी मागितली. काकूंनी हे कुणालाही न विचारता आधीच केलं होतं. पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोखाली एका फुटक्या टबात त्यांनी काळ्या देठाचं अळू लावलं, खर्च शून्य, मीटिंग शून्य. गौरीच्या वेळेला अर्ध्या सोसायटीला वड्यांची पानं त्यांच्याकडून गेली, शिवाय काही घरांतून वड्यांच्या ऑर्डरीही आल्या.

सेक्रेटरी काकांची बायको तेव्हा माहेरी होती, त्यांनी यूट्यूब बघून स्वतःच अळूचं फदफदं केलं आणि चिंच घालायची राहिली. घसा असा खाजला की संध्याकाळच्या मीटिंगमध्ये त्यांच्या तोंडून अक्षर फुटेना, आणि आमच्या सोसायटीची मीटिंग पहिल्यांदाच दहा मिनिटांत संपली. बी विंगवाल्यांनी लगेच पुढच्या मीटिंगच्या आधी त्यांना अळू पोचवायची जबाबदारी माझ्यावर टाकली.