"नाव नीट ठेवा, बाकी मॉडेल समजून घेतं", नाही घेत ओ

हा मेसेज आठवड्याभरात मला तीन ग्रुपवर आला, लातूरच्या आमच्या ग्रुपवर तर दोनदा. म्हणणं असं की एआय मॉडेल आता लई हुशार झालेत, एजंटच्या (म्हणजे मॉडेलवर चालणाऱ्या, स्वतः कामं करणाऱ्या बॉटच्या) टूलला, म्हणजे मॉडेल जे फंक्शन चालवतं त्याला, डिस्क्रिप्शन लिहीत बसू नका, नाव चांगलं ठेवा अन् एक ओळ टाका, बास. चुकलंच तर मॉडेल एरर वाचून स्वतःच दुरुस्त करतं, अन् लांब लिहिलं की टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) वाया जातात. खाली अंगठेच अंगठे. मीपण दिला असता, पण मित्राबरोबर बाजारभाव सांगणारा बॉट केला अन् चांगलाच तोंडावर आपटलो.

आधी नावाचं बघू. मॉडेलला तुमचा कोड दिसतच नाही. त्याच्यापुढं जातं ते टूलचं नाव, डिस्क्रिप्शन अन् पॅरामीटरचा जेसन स्कीमा (टूलला कुठली माहिती कशी द्यायची त्याचा आराखडा), एवढंच. फंक्शनच्या आत तुम्ही कितीबी भारी कॉमेंट लिहा, त्या तिथंच राहतात. आमच्या टूलचं नाव 'भाव_आणा', पॅरामीटर 'बाजार' अन् 'माल', डिस्क्रिप्शन "बाजारभाव देते". दिसायला एकदम स्वच्छ. मग धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीच्या एका काकांनी कांद्याचा भाव विचारला अन् बॉटनं नवी मुंबईच्या वाशी मार्केटचा दिला, तोबी बेधडक. काकांचा फोन आला, "काय ओ, आमच्या गावाचं नाव घेतलं की मुंबईचा भाव दाखवालंय तुमचं मशीन, टेम्पो भरून तिकडं नेऊ का आता?" मॉडेलला तरी काय बोलणार, जास्त गाजलेली वाशी तीच की. कळंबचंबी तसंच, एक धाराशिवात अन् एक यवतमाळात. नाव कितीबी नीट ठेवा, ही भानगड त्यात मावत नाही. आता 'जिल्हा' सक्तीचा केलाय, त्याला ठरलेल्या नावांची यादी दिलीय अन् डिस्क्रिप्शनमधी लिहिलंय की गाव दोन जिल्ह्यांत असेल तर अंदाज लावू नको, आधी विचार. त्यातबी परत उस्मानाबाद का धाराशिव, औरंगाबाद का छत्रपती संभाजीनगर हे होतंच, कारण जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली पण आमचा जुना डेटा जुन्याच नावानं पडलाय अन् लोकं दोन्ही बोलतात. म्हणून एक ओळ अजून वाढली: कायम नवं नाव पाठव, जुन्या नोंदी टूल जुळवून घेतं.

आता "एरर वाचून सुधारतं". अहो पण एरर आली तर ना! वाशीच्या वेळी एरर कुठं होती, टूल नीट चाललं, आकडा आला, फक्त चुकीच्या गावचा. सगळ्यात वाईट चुका अशाच, गुपचूप होणाऱ्या. एकदा डेटा उशिरा आला म्हणून टूलनं रिकामी यादी दिली अन् बॉटनं सांगून टाकलं, आज लातूरला सोयाबीनची आवक नाही. तेबी ऐन दिवाळीच्या तोंडावर! यार्डात पाय ठेवायला जागा नव्हती. रिकामी यादी म्हणजे "आवक नाही" नसून "नोंद अजून आली नाही" हे आम्ही कुठंच लिहिलं नव्हतं, मॉडेलला काय स्वप्न पडणार? तसंच बाजार समितीच्या तक्त्यात किमान, कमाल अन् सर्वसाधारण असे तीन दर असतात, तर बॉट बिनधास्त कमाल दर हाच "भाव" म्हणून सांगायचा. कमाल म्हणजे एखाद्या बेस्ट ढिगाला लागलेली बोली, ते ऐकून माणूस यार्डात गेला की आडत्याशी भांडणच. अन् हमीभाव विचारला तरी हेच टूल चालायचं. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये, तो द्यायला वेगळं टूल होतं, पण त्याच्याबी डिस्क्रिप्शनमधी "भाव देते" एवढंच. टूल कधी वापरायचं नाही, हे लिहिल्यावर सुधारलं. अन् एरर येते तिथंबी नुसतं "४०० बॅड रिक्वेस्ट" (मागणी चुकली, एवढंच सांगणारा कोड) दिलं तर मॉडेल तीच रिक्वेस्ट परत परत मारत बसतं, काय चुकलं ते एररमधी कुणीतरी लिहावंच लागतं.

टोकनचं अर्धं खरंय, ते मान्य. टूल वापरा न वापरा, सगळ्यांची डिस्क्रिप्शनं दर रिक्वेस्टबरोबर जातात. पण क्लॉड हे मॉडेल बनवणाऱ्या ॲन्थ्रॉपिक कंपनीच्या डॉक्युमेंटेशनमधीच दर टूलला निदान ३-४ वाक्यं लिहा असं दिलंय, अन् एक कॉल चुकला की परत विचारण्यात त्याच्यापेक्षा जास्त टोकन जातात. वाचवायचेच असतील तर टूल कमी करा. आमची १४ होती, त्यातली ५ नुसती भावाचीच, आजचा, कालचा, आठवड्याचा असली. एकात घातली अन् तारीख पॅरामीटर केली. "अत्यंत उपयुक्त व शक्तिशाली टूल" असली वाक्यं तर खुशाल उडवा.

कट्ट्याचं (पोत्याचं) मात्र अजून जमलं नाही. टूल क्विंटलमधी बोलतं, लोकं कट्ट्यात विचारतात, अन् कट्ट्याचं वजन माल बदलला की बदलतं. सध्या "किलो किती ते विचार" असं लिहून ठेवलंय, पण काका लोकं वैतागतात. कुणी काही बरं लिहिलं असेल तर सांगा.