हात वर, डोकं घरी

ख्रिस्ती विश्वासात भावना आणि बुद्धी दोन्ही सांभाळताना ओढाताण होते ना? मग एक सोडून द्या. कुठली? जी मुळातच कमी पडतेय ती. त्याग केल्याचं समाधान वर फुकट.

भावनेची वाट धरलीत, तर चर्चच्या उपासनेत कीबोर्डवर हळुवार सूर लागताच डोळे मिटा आणि हात वर करा. अधूनमधून एक डोळा किलकिला करून शेजाऱ्याचा हात कुठवर गेलाय ते बघा. आपला वीतभर वर हवा. कोणी प्रश्न विचारलाच, तर "बंधू, विश्वास कमी पडतोय" म्हणून मोकळे व्हा. फक्त बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय उघडू नका. अन्य भाषेतल्या, म्हणजे आत्म्याच्या भरात बोललेल्या न कळणाऱ्या, दहा हजार शब्दांपेक्षा समजून बोललेले पाच शब्द बरे, असं तिथे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो. आणि तो स्वतः अन्य भाषांत सगळ्यांहून जास्त बोलणारा, त्यामुळे त्याला कोरडा पंडित म्हणायचीही सोय नाही.

बुद्धीची वाट धरलीत, तर गाताना ओठ हलवायचे नाहीत; गीतातल्या सैद्धांतिक चुका मोजायच्या. कुणी आपल्या देवानुभवाची साक्ष देताना रडलं, तर बायबलचं वचन संदर्भ सोडून वापरल्याचं वहीत टिपायचं.

पास्कलच्या वाटेला मात्र जाऊ नका. हिशेबाचं यंत्र बनवणारा हा गणिती. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री त्याला देवाचा असा काही अनुभव आला, की कागदावर त्याने 'अग्नी' लिहिलं, आनंदाश्रू लिहिले. आणि वेळही लिहिली, साधारण साडेदहा ते साडेबारा! त्या भरात घड्याळ बघणारा माणूस कुठल्या गटात बसवायचा? कागद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला, तो सापडला मेल्यावर. बरं, मग गणित तरी सोडावं? 1658 मध्ये हा पुन्हा फिरत्या चाकावरच्या बिंदूचा वक्र सोडवत बसला.

येशूचंही थोडं अडचणीचंच आहे. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आज्ञा होती देवावर अंतःकरणाने, जिवाने आणि शक्तीने प्रीती करण्याची. मार्काच्या शुभवर्तमानात येशू ती सांगताना बुद्धीही घालतो, आणि प्रत्येकापुढे 'पूर्ण' आहेच. अर्धं-अर्धं म्हटलं असतं तर आपलं जमलं असतं.

हे सगळं झेपत नसेल, तर मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीत जा. तिथे "दोन्ही बाजू महत्त्वाच्या" एवढं म्हटलं की पुरतं. मग कोणी रडत आलं, तर त्याला जाडजूड ग्रंथ सुचवा. आणि कोणी प्रश्न घेऊन आलं, तर तो पुरा व्हायच्या आत त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू करा.