दादांची सीडी आणि दिल्लीची जबाबदारी

मागच्या रविवारी माळ्यावरच्या पेटीत दादांची एक सीडी सापडली. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी त्यांनी २००३ मध्ये तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या होत्या. शेजाऱ्यांचा ड्राइव्ह मागून आणला. सीडी चालली, फाइलही उघडली. पण पानंच्या पानं नुसती इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि प्रश्नचिन्हं. युनिकोडच्या, म्हणजे आता सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या, आधीचा मराठी फॉन्ट होता, तो आता माझ्याकडे नाही. दादा शेजारीच बसले होते. "खडी फोडायला कोण कोण होतं, सगळ्यांची नावं आहेत रे त्यात," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून चैन नाही. मी जे लिहितोय ते कुठल्या एका पक्षाबद्दल नाही. राजीव गांधींनी संगणकाचा आग्रह धरला, मनमोहनसिंगांच्या काळात २०१० साली आपल्या नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, मोदींनी २०१५ मध्ये डिजिटल इंडिया आणलं. या सगळ्याचा मला फायदा झालाय, सातबारा आता घरबसल्या मिळतो. पण डेटा जमवण्याचा जेवढा उत्साह दिल्लीत दिसतो, तेवढी तो टिकवण्याची काळजी मला कुठल्याच सरकारात दिसली नाही.

हार्डडिस्क पाच-सहा वर्षांत कुरकुरायला लागते. टेप ३० वर्षं टिकेलही, पण ती वाचणारं यंत्र तोवर मिळायला हवं ना! म्हणून एकाच्या तीन प्रती लागतात, त्यातली एक दुसऱ्या गावी. दर काही वर्षांनी सगळं नव्या माध्यमावर उतरवायचं आणि उतरवलेलं अक्षर न् अक्षर जुळतंय का ते तपासायचं. न संपणारं काम आहे हे. वरून कुणी पाठपुरावा केला नाही, तर खालचा कर्मचारी तरी कशाच्या जोरावर करणार?

सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीतून आग लागली. कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा गेला, आणि त्याची दुसरी प्रतच नव्हती. राष्ट्राध्यक्षांना माफी मागावी लागली. इतका पुढारलेला देश! आपल्या मंत्रालयाची २०१२ ची आग आपण विसरलो का?

उलट २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या वेळी कुणबी नोंदींसाठी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरं, सुटले. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं निघाली, मोडी वाचणारे शोधावे लागले. कुणीतरी शाईने लिहिलेली एक ओळ इतक्या वर्षांनी पणतवंडाच्या दाखल्याला उपयोगी पडली. आजची नोंद २१२५ मध्ये अशी सापडेल?

१९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा संगणकातल्या नोंदीही सार्वजनिक अभिलेख मानतो. कायदा आहे, धाक नाही. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महासंचालकांनीच जाहीर सांगितलं की १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांचे आणि हरितक्रांतीचे अभिलेख त्यांच्याकडे नाहीत. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असं आपण अभिमानाने सांगतो. पण १९६२ च्या त्या नोव्हेंबरात यशवंतराव संरक्षण खात्यात गेले आणि त्यांनी काय काय केलं, हे आपल्या मुलांनी कशावरून वाचायचं? कागदाची ही गत, तर ईमेलची काय होईल?

लोकसभेला मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारणार आहे, पक्ष कुठलाही असो. कोणत्या मंत्रालयाने किती नोंदी अभिलेखागाराकडे दिल्या, हे पंतप्रधानांनी दरवर्षी संसदेत सांगावं म्हणून तुम्ही उभे राहाल का? तुम्हीही विचारा.

इकडे सीडीवरच्या फाइलीला जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारे दोन-तीन कन्व्हर्टर लावून पाहिले. जोडाक्षरं आली की सगळं फिसकटतं. म्हणून दादा पुन्हा सांगतात आणि मी लिहितो, संगणकावर आणि वहीतही. बारा पानं झाली. खडी केंद्रावर त्यांच्या टोळीत सत्तावीस जण होते, त्यातली एकोणीस नावं आठवली. २००३ च्या आसपासचे मराठी डीटीपीचे फॉन्ट कुणी जपून ठेवले असतील तर कृपया कळवा. सीडीवरची एक ओळ पहिल्या कमेंटमध्ये टाकतोय, बघा ओळखू येते का.