तरीच

काल दुपारी दीडच्या सुमारास, एका सरकारी कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर, सहा-सात लोकांच्या देखत, एका अनोळखी गृहस्थांनी मला ‘तरीच’ म्हटलं. कचेरी कोणती ते लिहीत नाही. मला तिथे पुन्हा जायचंय.

तरीच. मागे काही नाही, पुढे काही नाही. शिवी दिली असती तर शिवी परत करता आली असती. ‘तरीच’ला काय परत करणार? रात्री अडीच वाजता मला एक चांगलं उत्तर सुचलं, पण तेव्हा समोर फक्त बायको होती आणि ती झोपली होती.

प्रकरण माझं नव्हतंच. माझ्याकडे बारा वर्षांची गाडी आहे, चारही बाजूंनी सारखीच घासलेली, पुण्यात वाढलेली आहे हे लांबून कळणारी. प्रकरण भाच्याचं. तो मेलबर्नला पाच वर्षं काढून आता कायमचा परत येतोय. हिंजवडीत नोकरी, बाणेरला फ्लॅट, आणि तिथली गाडी त्याला इथे आणायची आहे. “तिला एकटीला तिथे कसं टाकून येऊ, मामा?” असं तो फोनवर म्हणाला तेव्हा मी क्षणभर सूनबाईंच्या काळजीत पडलो. “तू नुसतं विचारून ये ना. तू तिथेच असतोस.” तिथेच म्हणजे पुण्यात. रिटायर झालेला माणूस म्हणजे घरादाराचा चौकशी कक्ष, हे मला दोन वर्षांत कळून चुकलंय. शिवाय पुण्यात मामा तीन प्रकारचे: आईचा भाऊ, चौकातला ट्रॅफिक पोलीस, आणि लोक ज्याला बनवतात तो. पहिला असल्यामुळे मी तिसरा होतो, एवढंच.

दोन रात्री जागून मी नियम वाचले, आणि काय सांगू, पत्रिका जुळत होती! जुनी गाडी आणायची तर स्टिअरिंग उजवीकडे हवं. ऑस्ट्रेलियात उजवीकडेच असतं. (दुबईवाल्यांचं इथेच मोडतं.) दिवे डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीचे हवेत. आहेत. स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा. आहे, इंग्लंडसारखं मैलांचं झंझट नाही. माणूस सलग दोन वर्षं परदेशात राहिलेला हवा, गाडी किमान वर्षभर त्याच्या ताब्यात हवी, दोन्ही आहे. आणि गाडी तयार होऊन तीन वर्षं उलटलेली नकोत. ही दोन वर्षं सात महिन्यांची. म्हणजे घोडनवरी व्हायच्या आत बार उडवायला हवा, बस. उतरवायची मात्र मुंबई बंदरातच, जुन्या गाड्यांना दुसरं दार नाही. आणि अशा गाड्या तपासायला नियमात ज्या संस्थांची नावं आहेत त्यांतली एक, एआरएआय, आमच्याच वेताळ टेकडीवर. मी रोज सकाळी फिरायला तिकडेच जातो. इतकं सगळं जुळून आल्यावर माणसाला वाटतंच की आता फक्त अक्षता टाकायच्या.

देण्याघेण्याचंही मी वाचलं होतं. २०२५ च्या बजेटमध्ये जुन्या गाड्यांवरची आयात ड्यूटी १२५ टक्क्यांवरून ७० वर आली, असं पेपरात आलं होतं. मी कात्रण ठेवलं होतं. फाइलमध्ये, सगळ्यात वर.

तर कचेरी जेवणासाठी बंद, आणि मी टपरीच्या बाकावर. टपरीवर पाटी होती: ‘चहा संपल्यावर बाकडे सोडावे.’ तिच्या बरोबर खाली, चहा कधीच संपलेला असताना, ते गृहस्थ बसले होते. सत्तरीचे असावेत. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, मांडीवर साड्यांच्या दुकानाची पिशवी. समोर त्यांची स्कूटर स्टँडवर उभी होती. पंधरा वर्षं केव्हाच उलटलेली, म्हणून फेरनोंदणीला आलेली. आदल्या दिवशी चेसिस नंबरचा ठसा पुसट आहे म्हणून त्यांना परत पाठवलं होतं. म्हणून काल त्यांनी पहाटे उठून, नंबरवर पातळ कागद धरून, वरून पेन्सिल घासून नवा ठसा काढला होता आणि चुरगळू नये म्हणून एका लग्नपत्रिकेच्या आतल्या बाजूला सेलोटेपने चिकटवला होता. हे सगळं त्यांनीच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. पण ठसा खरोखर देखणा होता. करड्या पट्ट्यावर एकेक पांढरा आकडा असा उठला होता की बोट फिरवावंसं वाटावं.

“नवी का जुनी?” त्यांनी विचारलं. मला नाही, माझ्या फाइलला.

“जुनी. ऑस्ट्रेलियातून आणायची आहे.”

“कशाला?”

पुण्यात ‘कशाला’ हा प्रश्न नसतो, निकाल असतो. तरी मी म्हटलं, “भाच्याची आहे.”

“मग भाचा आणा. गाडी कशाला?”

टपरीवरच्या पोराने गाळणं आपटायचं थांबवलं. हेल्मेट हातात धरलेला एक तरुण दोन पावलं जवळ सरकला. पुण्यात दोन माणसांत चर्चा सुरू झाली की तिसरा आपोआप उगवतो, आणि तो पैजेवर सांगा, हेल्मेट हातातच धरलेला असतो.

“आणि इथे काय काम तुमचं?” ते म्हणाले. “इथे नोंदणी होते. आधी कस्टम. कस्टम मुंबईला. लग्न ठरायच्या आत तुम्ही बारशाचा हॉल बघायला आलात.”

आता मला गप्प बसता आलं असतं. पण फाइलमध्ये कात्रण होतं ना! मी म्हटलं, “कस्टमचं मी बघितलंय. ड्यूटी आता ७० टक्केच आहे.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, “आपण काय करता?”

“रिटायर झालो. बँकेत होतो, ३१ वर्षं.”

“तरीच.”

पोरगं हसलं. हेल्मेटवाला हसला. पलीकडे एक बाई रिक्षाच्या परवान्याचे कागद घेऊन उभ्या होत्या, त्याही हसल्या, आणि त्यांनी तर आधीचं काही ऐकलंही नव्हतं.

“पेन आहे?” गृहस्थ म्हणाले. मी दिलं. निरोपसमारंभात मिळालेलं, माझं नाव कोरलेलं. त्यांनी पत्रिका उलटी केली, मागच्या कोऱ्या बाजूवर मध्ये उभी रेघ मारली.

“आधीचं. १२५ टक्के ड्यूटी. ड्यूटीवर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे साडेबारा. किती?”

“१३७.५.”

“आताचं. ७० टक्के ड्यूटी. आणि कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर साडेसदुसष्ट. किती?”

मी मनातल्या मनात केलं. पुन्हा एकदा केलं. १३७.५.

“बघा, हातचा राहिला असेल एखादा.”

“मोटारीवर शेतीचा सेस?” हेल्मेटवाल्याला राहवलं नाही.

“का नाही? यांच्या भाच्याने गाडी उडवायची, शेतकऱ्याने गोदाम बांधायचं.” मग माझ्याकडे वळून, “हं, गाडीची किंमत बोला.”

मी म्हटलं, भाच्याने चांगली घासाघीस करून घेतलीय, आमच्या घराण्यातच ते आहे. ते म्हणाले, घराणं बाजूला ठेवा. घासाघीस कस्टमला दिसत नाही, त्यांना कंपनीची छापील किंमत दिसते. त्यातून घसारा वजा: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३, तिसऱ्या वर्षी अडीच. त्यात जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा, कारण भाड्यावरही ड्यूटी आहे. असं सगळं करून गोळाबेरीज २० लाख धरू, असं त्यांनी परस्पर ठरवलं.

२० लाखांवर १३७.५ टक्के, साडेसत्तावीस लाख. झाले साडेसत्तेचाळीस. “चार मीटरच्या वर आहे का लांबीला?” आहे. “मग जीएसटी ४० टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून. साडेसत्तेचाळीसवर.”

“म्हणजे करावर कर?”

“बँकेत व्याजावर व्याज लावताना विचारलं होतंत कुणाला?”

१९ लाख. झाले साडेसहासष्ट. “आता या तुमच्या कचेरीचं. आयात गाडीला महाराष्ट्रात वाहन कर २० टक्के.” तेरा लाख तीस हजार. शेवटी त्यांनी खाली दोन रेघा मारल्या, आमचे मॅनेजर ताळेबंदाखाली मारायचे तशा. ७९ लाख ८० हजार.

“वीस लाखांची गाडी,” ते म्हणाले, “ऐंशीला वीस हजार कमी. तेवढ्यात चहा सांगा.” मी सांगितला. दोनदा. पोराने पैसे माझ्याकडूनच घेतले, कुणी न सांगता.

“पार्किंग आहे का?”

खरं म्हणजे हे विचारायची काही गरज नव्हती. आमच्या सोसायटीत माझ्या वाट्याला दोन खांबांमधली जी जागा आली आहे तिथे माझी छोटी गाडी लावताना आरसे मिटावे लागतात आणि मला डिकीतून उतरायचा विचार करावा लागतो. मी म्हटलं, बघू.

“माझी ही,” त्यांनी स्कूटरकडे हनुवटी उडवली, “आकुर्डीहून आली. आयात शुल्क शून्य.”

आता आकुर्डीच्या, म्हणजे बजाजच्या, स्कूटरचं मला कुणी सांगू नये. माझ्या वडिलांनी चेतकसाठी नंबर लावला तेव्हा मी चौथीत होतो. ती दारात आली तेव्हा मी मॅट्रिकला बसलो होतो. पुण्याची स्कूटर, पुण्याचं गिऱ्हाईक, मध्ये दहा-बारा मैल आणि सहा वर्षं. आमच्या वाड्यातल्या समोरच्यांना मात्र काही महिन्यांत मिळाली, कारण त्यांचा भाऊ परदेशात होता आणि डॉलरने पैसे भरणाऱ्यांचा वेगळा कोटा होता. म्हणजे तेव्हा परदेशातला नातेवाईक असला की इथली गाडी पटकन मिळायची. आज परदेशातला नातेवाईक आहे, गाडीही त्याची आहे, आणि ती मिळायची तर चौपट पैसे मोजा. माझं नशीबच असं की कुठल्याही दशकात मी चुकीच्या रांगेत असतो. वडील त्या समोरच्यांच्या स्कूटरवर कधीही बसले नाहीत. पावसातसुद्धा नाही. हे मला काल टपरीवर अचानक आठवलं आणि उगाच घसा दाटला, पण तो बहुतेक चहातल्या आल्याचा परिणाम असावा.

आणि एक सांगतो. कराचं मला समजतं. पिंपरी-चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांवर अर्ध्या पुण्याची चूल पेटते. जगभरातली मोडकी डबडी आणून इथे ओतायला कुणी परवानगी देऊ नये, हेही बरोबर. पण मग सरळ ‘नाही’ म्हणा की! पेठेतल्या दुकानात जा, तुम्ही ‘दोन मीटर अस्तर’ म्हणेपर्यंत ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. राग येतो, पण तुम्ही तीस सेकंदांत रस्त्यावर असता. इथे ‘हो’ म्हणतात. स्टिअरिंग असं आणा, दिवे तसे आणा, वर्षं मोजा, हमी द्या, टेकडीवर तपासा, सगळं मान्य, या. आणि शेवटच्या पानावर ७९ लाख ८० हजार. माणसाच्या दोन रात्री गेलेल्या असतात. त्यातून पेपरात मथळा ‘ड्यूटीत मोठी कपात’! एकतीस वर्षं मी लोकांना फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचा म्हणून ओरडलो, आणि स्वतः मथळा कापून फाइलला लावला. म्हणजे गृहस्थांचं... असो.

एवढ्यात कुणीतरी “खिडकी उघडली!” म्हणून ओरडलं. गृहस्थ सत्तरीला न शोभणाऱ्या वेगाने उठले. “याचा फोटो काढून भाच्याला पाठवा,” म्हणत पत्रिका माझ्या हातात कोंबली, पिशवी काखेत मारली आणि गर्दीत घुसले. मी फोटो काढला. पाठवला. मेलबर्नला तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. भाच्याने आधी डोळे फाडलेला चेहरा पाठवला, मग रडका, मग पाच मिनिटांनी: ‘मामा, इथेच विकतो. पुण्यात कर्नाटक पासिंगची एक स्वस्तात मिळतेय, तिचं जरा विचारशील? तू तिथेच आहेस ना अजून?’

मी रिक्षा करून घरी आलो.

संध्याकाळी फाइल उघडली तर त्यात कात्रणाच्या वर पत्रिका. हिशेबाची बाजू वर होती. उलटून आत बघितलं. करड्या पट्ट्यावर पांढरे आकडे, एकेक स्पष्ट. म्हणजे गृहस्थ खिडकीपर्यंत पोचले, सगळे कागद काढले, आणि ठसाच नाही. पुन्हा परत पाठवलं असणार. मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर आधी तसं वाटलं नाही, आधी दुसरंच काहीतरी वाटलं, पण मग वाईट वाटलं.

माझं पेन त्यांच्याकडे आहे, नाव कोरलेलं. त्यांचं नाव मला माहीत नाही. त्यांचा चेसिस नंबर मात्र पाठ झालाय.

“पत्रिकेवर पत्ता आहे की,” बायको म्हणाली. “रविवारी लग्न आहे. ते येतीलच. जाऊन देऊन या.”

“बोलावणं नसताना?”

“मंगल कार्यालयात कोण विचारतंय? मुलीकडचे समजतात मुलाकडचे, मुलाकडचे समजतात मुलीकडचे.”

मुहूर्त १२ वाजून २३ मिनिटांचा आहे. खाली बारीक अक्षरात ‘कृपया आहेर आणू नये’ असंही लिहिलंय. या वेळी मी ते वाचलंय. आता प्रश्न पार्किंगचा आहे.